राम राहिला नाही

धाकटीने बटण दाबलं आणि कान थेट कॉम्प्युटरच्या डब्याला लावला. आत पंखा गरगरला, हिरवा दिवा लागला. पडदा मात्र काळा ठिक्कर.

"जीव आहे, ताई. डोळे तेवढे उघडत नाही."

"सोंग करतोय मेला," मोठी जाऊ म्हणाली. "दुरुस्तीवाला काय म्हणाला?"

"उद्या येतो म्हणाला."

"उद्या येऊन काय त्याची आरती करणार?"

घराच्या पुढच्या खोलीत दोघी जावांचं भरतकाम चालायचं. मोठी कॉम्प्युटरवर नक्षी आखायची, धाकटी ती मशीनवर कापडात उतरवायची. पोहण्याच्या क्लबचे टॉवेल आज संध्याकाळी द्यायचे होते आणि त्यावरचा मासा या आडमुठ्या डब्यात अडकून बसला होता. हे शेवटचं काम, असं मोठीने जाहीर करून टाकलं होतं. कामं मिळेनाशी झाली होती आणि ती थकली होती. मशीन विकत घ्यायला एक माणूसही आजच यायचा होता. धाकटीला ते मशीन जायला अजिबात नको होतं. टॉवेल देखणे झाले तर ताईचं मन पालटेल, एवढ्या एका आशेवर ती सकाळपासून डब्याशी झटत होती.

तिने वायर काढून लावली. पडद्याची केबल पिळून घट्ट केली. शेवटी स्क्रू फिरवून डब्याची एक बाजू उघडली, तर आत धुळीची गोधडी. मोठीने पदर नाकाला लावला आणि रंगाच्या ब्रशने ती झटकली. दोघी एकदम शिंकल्या.

पुन्हा बटण. पंखा फिरला. पडदा काळाच.

मोठीने ब्रश टेबलावर टाकला.

"सोड गं. यात आता राम राहिला नाही."

धाकटी ताडकन उठली.

"काय म्हणालात?"

"राम राहिला नाही म्हटलं. या डब्यातही, अन् धंद्यातही."

"रॅम! अहो ताई, रॅमच बघायचा राहिला की! मागे दुरुस्तीवाल्याने तीच मेमरीची पट्टी काढून पुसली होती. खोडरबर कुठंय?"

"मी रामाचं बोलतेय, तुझं काय भलतंच!"

पण हे म्हणताना मोठी खण उपसायला लागली होती. धाकटीने वायर काढली, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून पट्टी उपटली आणि तिच्या सोनेरी दातांवर हलक्या हाताने रबर फिरवलं. मोठी टॉर्च धरून उभी होती.

"उलटी बसवशील बाई!"

"खाच बघतेय ना."

पट्टी कट्‌ आवाज करून बसली. वायर लागली. बटण दाबायला दोघींचीही बोटं पुढे आली.

डबा एकदा टुक्‌ करून बोलला आणि पडदा उजळला. मोठीने धाकटीच्या पाठीत असा धपाटा घातला की ती कळवळली आणि मग दोघी खो खो हसत सुटल्या.

"आधी पेनड्राइव्ह लाव," मोठी ओरडली. "परत रुसायच्या आत घे मासा काढून!"

दुपार कशी सरली, कळलं नाही. मशीन खडखडत होतं, टॉवेलांवर निळे मासे उमटत होते. मोठीने तर मध्येच एका माशाची शेपटी आपल्या मनाने वळवली आणि तो खरोखरच पोहायला लागला.

तेवढ्यात दार वाजलं. मशीन घेणारा माणूस आला होता. तो मशीनभोवती फिरला, वाकून त्याने सुया पाहिल्या.

"छान चालतंय. टेम्पो कधी आणू मग?"

धाकटीचा हात मशीनवर थबकला. तिने वर पाहिलं नाही.

मोठी टॉवेलाचे सुटे धागे कातरत होती. कात्री खाली न ठेवता ती धाकटीला म्हणाली,

"थांबलीस काय? पांढरा दोरा लाव, डोळे राहिलेत. अन् यांना सांग, टेम्पो नको आणायला."

माणूस आल्या पावली परत फिरला. धाकटीने पांढरं रीळ उचललं, पण दोरा काही केल्या सुईत जाईना.