पश्चिमेची भिंत

धुळीचा ठिपका. तांदळाच्या कणीएवढा — पडद्याच्या अगदी डाव्या कडेला, पश्चिमेच्या भिंतीच्या पायथ्याशी उठला आणि विरला, आणि तिचा हात माउसवर तसाच थांबला. शत्रू भिंतीखाली भुयार खणत असला की या खेळात अशी धूळ उठते; दोन फेऱ्यांत भिंत खचते.

"थांबलीस का? दरवाज्यावर उकळतं तेल चढव," बाबा म्हणाले.

त्यांना ठिपका दिसला नव्हता. दिसणारच नव्हता. मेंदूत गुठळी झाली तेव्हापासून त्यांच्या जगाला डावी बाजूच उरलेली नाही — ताटातलं उजवीकडचं संपतं, डावीकडचं तसंच राहतं, आणि 'एवढंसंच वाढलंस?' हे वर तिनेच ऐकायचं. महिन्यापूर्वी दाराच्या डाव्या चौकटीवर आपटून पडले. तेव्हापासून ती मागे लागलेली, माझ्याकडे राहायला चला. रुसून झालं, डॉक्टरांकडून सांगवून झालं. "मला सगळं दिसतं" — हे एकच उत्तर. शेवटी त्यांनीच अट घातली : वेढ्याचा डाव खेळू. चाळीस फेऱ्या शहर टिकलं तर मी इथेच, पडलं तर माझी बॅग भर. हुकूम माझे, माउस तुझा.

आणि तिने हो म्हटलं. आठ हजारांच्या वेढ्यात नऊशे माणसांचं शहर टिकून टिकून किती टिकणार? पण आज, तिसऱ्या रविवारी, सदतिसावी फेरी चालू होती, आणि शहर टिकलं होतं ते तिच्यामुळेच... याचीच तर चीड होती. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं काढलेली बाई. चुकलेला आकडा दिसला की हात आपोआप तिकडे जातो. बाबा धान्य उधळायचे, ही न बोलता शिधा निम्म्यावर आणायची. ते पहारा काढायचे, ही चार माणसं विहिरीवर ठेवायची. हरायचं आहे मला, हरायला बसले आहे मी — आणि एकेक भोक बुजवते आहे!

"तेल संपत आलंय, बाबा."

"मग दगड टाक. सगळं मीच सांगू? थेंब मोजून मोजून हात आखडलाय तुझा."

"आणि तुमची जीभ सैल झालीय."

"सेनापतीला उलट बोलतेस? कोठडीत टाकीन." ते स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसले.

तिने दगड चढवले. ठिपका पुन्हा उठला. काही करायला नको, खोटंही बोलायला नको. नुसतं गप्प राहायचं. तिच्या घरातली खोली तयार होती — पलंगाची डावी कड भिंतीला लावलेली, न्हाणीघरात पकडायला दांडी. शिवाय न्यायाने पाहिलं तर यात गैर काय? जी बाजू दिसते म्हणून ते भांडतात, त्याच बाजूने ते हरतील. हिशेब चोख... फक्त त्या बाजूचं पाहणारी मी शेजारीच बसले होते, एवढा आकडा त्यात धरलेला नव्हता.

तिने फेरी संपवायच्या बटणावर बाण नेला.

"थांब जरा."

बाबा मान वळवत होते. संपूर्ण मान, डावीकडे — व्यायाम शिकवणारी बाई रोज सांगायची आणि ते 'मी काय कोंबडी आहे?' म्हणून उडवून लावायचे, ते. हळूहळू मान वळली, पडदा ओलांडून पुढे गेली, पार खिडकीपर्यंत. आणि खिडकीकडेच तोंड ठेवून त्यांनी विचारलं,

"डावीकडे काही आहे का गं? मला त्या बाजूचं... कळत नाही नीट."

हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. चौकटीवर आपटल्यावर, कपाळाला टाके पडतानासुद्धा नाही. महिनाभर हे एक वाक्य त्यांच्या तोंडून काढण्यासाठी ती भांडली होती, आणि आता ते इतक्या साध्या आवाजात आलं की तिला आपला राग सापडेना. तिने तो शोधला — खरोखरच, घाईघाईने शोधला, कारण त्याच्याशिवाय गप्प राहणं जमणार नव्हतं. आणि खरं सांगितलं तर ते जिंकतील, मग या घरात असेच एकटे...

"आहे का?" बाबांनी पुन्हा विचारलं. घाई नव्हती त्यांच्या आवाजात. ती जे सांगेल ते खरंच असणार, अशा विश्वासाने ते वाट पाहत होते, आणि इतका भार आपल्यावर याआधी कुणीच टाकला नव्हता असं तिला वाटत राहिलं.