सणाचा जुना भाग

टीव्हीतल्या घरात सण होता आणि मिस्त्रींच्या घरात मंगळवार. पडद्यावर दिव्यांच्या माळा, सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे, रुसून गेलेला थोरला मुलगा नेमका जेवणाच्या वेळी दारात हजर. इकडे पंखा कुरकुरत होता, खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल होता आणि मिस्त्री मांडीवर ताट घेऊन कालची भाजी खात होते.

“भावोजी, दार असं सताड उघडं टाकून बसता होय?” म्हणत धाकटी आत आली. धाकटी म्हणजे त्यांची मेहुणी, बायकोची पाठची बहीण. “आणि हे काय लावलंय? सण होऊन किती महिने झाले!”

“जुना भाग आहे.”

“ते दिसतंय मला. तुमची लेक म्हणते, बाबा दिवसभर हेच बघतात. एका मालिकेतला सण संपला की दुसरीतला. तिला वाटतंय डोक्यावर परिणाम झालाय. म्हणून मला पाठवलंय बघायला.”

“मग बघ,” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी घास घेतला.

मिस्त्रींचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं होतं. तळमजल्यावर उभं राहून, वर कुठल्या मजल्याचं दार नीट लागत नाही ते आवाजावरून सांगायचे. बोलणं आधीपासूनच बेताचं. बायको गेली तेव्हा ते रडले नाहीत. लोक म्हणाले, धक्का बसलाय, रडतील हळूहळू. मिस्त्रींनीही वाट पाहिली. आता वर्ष होत आलं, तरी आत काही हललं नव्हतं. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकावी तसं काहीतरी झालं होतं आणि ही दुरुस्ती काही त्यांना येत नव्हती. भूक लागायची, झोप यायची, एवढंच.

“ये, बस,” ते म्हणाले. “तुला ऐकवतो. लेकीलासुद्धा सांगितलेलं नाही.”

हा भाग खूप वर्षांपूर्वी हॉलमध्ये, लोकांसमोर चित्रित झाला होता. दोघी बहिणींना पास मिळाले होते. मिस्त्रीही जाणार होते, पण ऐन वेळी कुठलीशी लिफ्ट माणसांसकट अडकली आणि ते पाने-पक्कड घेऊन तिकडे पळाले. घरी आल्यावर बायको म्हणाली होती, “आम्ही बुटांवर पोट धरून हसलो.” ती पक्की ट्यूबलाइट. विनोद झाला की सगळे हसायचे, हसून थांबायचे आणि मग ही सुरू व्हायची. वरातीमागून घोडं. या भागातही तसंच होतं. मालिकेतले काका भेटीचं खोकं ऐटीत उघडतात, आतून त्यांचेच हरवलेले बूट निघतात, सगळा हॉल हसतो, थांबतो आणि मग एकच बाई खुदकन हसते, ती थांबतच नाही. ते हसणं मालिकावाल्यांना इतकं आवडलं, की पुढे त्यांनी आपल्या इतर मालिकांतल्या सणांनाही तेच चिकटवलं. मिस्त्रींना ते ऐकू आलं ती गेल्यानंतर, भांडी घासताना. घरात तिचे फोटो ढीगभर होते, आवाज मात्र कुठेच नव्हता.

बूट निघाले. हॉल हसला. थांबला. मग ती बाई हसली.

“ऐकलंस?” मिस्त्री म्हणाले. “तुझी ताई.”

 धाकटी पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “पुन्हा लावा.”

त्यांनी पुन्हा लावलं.

“भावोजी, ही मी आहे.”

“तुम्ही दोघी सारख्याच हसता.”

“हसतो ना. आई म्हणायची, एकाच खोक्यातल्या ट्यूबलाइटी. पण तेव्हा ताई आत नव्हतीच हो. तुमची लेक कडेवर होती, ती लागली रडायला. लोकांना त्रास नको म्हणून ताई तिला घेऊन व्हरांड्यात गेली. बुटांचं मीच तिला नंतर बाहेर जाऊन सांगितलं.”

“मग?”

“मग हसली. सगळं आटपल्यावर.”

मिस्त्रींनी मान हलवली. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. इतके महिने आपण मेहुणीला ऐकत होतो, बस.

“मी कशाला बोलले! माझ्या जिभेला हाडच नाही,” धाकटीचे डोळे भरून आले. “ठेवायचं होतं तसंच.”

“बरं केलंस सांगितलंस. चहा टाक.”

ती आत गेली. मिस्त्रींनी रिमोट घेतला आणि भाग मागे नेला, नेहमीपेक्षा जरा जास्तच. काका बढाया मारत होते. त्यांच्या बोलण्याखाली लोकांमध्ये एक मूल किरकिरत होतं. या किरकिरीला मिस्त्री रोज वैतागायचे. आज त्यांनी आवाज वाढवला. किरकिर दूर दूर गेली आणि मग एक दार लागलं.

ते जड दार होतं. असली दारं सोडून दिली की धाडकन आदळतात. हे आदळलं नव्हतं. कुणीतरी ते शेवटपर्यंत हाताने धरून, खटका अलगद बसेपर्यंत हळूहळू लावलं होतं. रात्रपाळी करून आलेला नवरा झोपलेला असताना घरातली दारं अशी लावणारी बाई मिस्त्रींनी जन्मात एकच पाहिली होती. आणि दारांवर आयुष्य काढलेल्या त्यांनी या दाराकडेच लक्ष दिलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा मागे नेलं. पुन्हा ऐकलं. 

“साखर कुठेय हो?” धाकटीने आतून ओरडून विचारलं.

 बूट निघायच्या आतच मिस्त्रींनी टीव्ही बंद केला, उठले आणि सताड उघडं राहिलेलं घराचं दार लोटलं. हाताने धरून, हळूहळू, खटक्याचा आवाज होऊ न देता. लागलं तरी हात काढून घ्यायचं त्यांना सुचेना.