झाकलेला विस्तव

कर्फ्यूचा तिसरा दिवस. घरात बसून बसून न्हाव्याच्या जिभेला नुसती खाज सुटली होती. जिन्यात त्याने खालच्या बेकरीवाल्याला गाठलं.

"पाववाले, कर्फ्यू म्हणजे काय, सांगा बरं."

"दांडके खायची वेळ."

"चूक. कर्फ्यू म्हणजे आग झाका. वरच्या मास्तरांनी सांगितलं. जुना शब्द, फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आलेला. संध्याकाळी घंटा झाली की विस्तव झाकायचा. लाकडाची घरं ना, ठिणगी उडाली की गाव साफ. सकाळी झाकण काढलं की निखारे हजर."

बेकरीवाल्याला हसू आलं नाही. धूर दिसता कामा नये असा हुकूम होता, म्हणजे भट्टी विझवणं आलं. आणि त्याचा दमेकरी बाप तर भट्टीच्या उबेलाच झोपायचा. गारठ्यात म्हातारा रात्रभर खोकणार.

"झाकली तर टिकेल?"

"न टिकायला काय झालं? लाव पैज. हरेल त्याने गल्लीत कान धरून तीनदा ओरडायचं, मी गाढव."

"तू न ओरडताही कळतोस," म्हणत बेकरीवाल्याने हात पुढे केला.

न्हावी स्वतःच बाह्या सरसावून कामाला लागला. निखाऱ्यांवर राख, राखेवर पत्रा, पत्र्यावर ओलं पोतं. धूर दिसायला नको म्हणून धुराडं बंद. शटर तर हुकमानेच खाली. म्हाताऱ्याच्या अंगावर पांघरूण टाकत तो म्हणाला, "काका, आज राजासारखे झोपा."

"तू आधी दाढी नीट करायला शीक," म्हातारा म्हणाला.

सकाळी बेकरीवाल्याने शटर उचललं. पोत्याखाली सगळं विझून काळा कोळसा झाला होता. म्हातारा भिंतीशी आडवा, गाल लाल, जिवंतपणी कधी नव्हते इतके. कोंडलेल्या विस्तवाचा वायू, डॉक्टर म्हणाले.

मास्तर जिना उतरून आले. "अर्थ ऐकलास आणि पळालास," ते न्हाव्याला म्हणाले. "त्या जुन्या घरांच्या छपराला धुरासाठी भोक असायचं. तेवढं ऐकायला थांबला नाहीस."

दुपारी संचाराला सूट मिळाली, गाडी आली, अख्खी गल्ली बाहेर उभी राहिली. न्हावी प्रेताला हात लावायला पुढे झाला, तर बेकरीवाल्याने त्याचं मनगट धरलं.

"पैज कोण हरलं?"

"अरे, आत्ता ही काय वेळ..."

"विस्तव विझला. कोण हरलं?"

न्हाव्याने कान धरले. पहिल्यांदा तो नुसता पुटपुटला.

"मोठ्याने. लांबच्यांनाही ऐकू जाऊ दे."

तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फाटला. कोणी हसलं नाही. मग बेकरीवाला गाडीत बापाशेजारी बसला आणि त्याने आतून दार ओढून घेतलं.