हरिबाच्या गाडीखोलीचं शटर

मी एक शटर बोलतोय. बाजारपेठेतल्या दुकानाचं नव्हे, त्यांना निदान सणासुदीला झेंडूचं तोरण तरी मिळतं. आटपाडीच्या पलीकडे माळावर एक धनगरवस्ती आहे. तिथं पिकअप गाडी ठेवायला जी खोली बांधलीय, तिच्या तोंडावर मी असतो. सकाळी वर जायचं, संध्याकाळी खाली यायचं, एवढंच माझं काम. त्यात कुणाचं आयुष्यभराचं नुकसान होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पलूसच्या एका वर्कशॉपमध्ये पट्टीत पट्टी गुंतवून मला घडवलं. लोकांना माझ्या पट्ट्या तेवढ्या दिसतात. माझा खरा जोर मात्र वर, पत्र्याच्या डब्याआड, पाइपवर बसवलेल्या दोन स्प्रिंगांत असतो. कृष्णात मिस्त्रीनं मला इथं उभं केलं तेव्हा त्या स्प्रिंगांना पीळ दिला, म्हणून एवढं लोखंड कुणालाही सहज उचलता येऊ लागलं. मी खाली असलो की तो पीळ जास्त असतो, वर असलो की कमी, पण असतोच.

जाताना कृष्णातनं मल्हारला नीट समजावलं. शटर ज्यातून सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या चॅनेल पुसा, तेल सोडा, कुलूप बदला, ते तुमचं काम. वरच्या डब्याला मात्र हात लावायचा नाही. आत ताण असतो, एक नट ढिला केला तरी पाइप गरकन फिरतो. मल्हारनं मान डोलावली. त्याचा बाप हरिबा तेव्हा पलीकडे एका मेंढीचा खूर तासत बसला होता. त्याला हे ऐकायचंही नव्हतं आणि कुणी मुद्दाम सांगितलंही नाही.

हरिबाचा उभा जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की कळप घेऊन पाटणच्या बाजूला उतरायचं आणि पाऊस तोंडावर आला की माळावर परतायचं. गुडघे बोलायला लागले तसा कळप कमी केला, मल्हारनं पिकअप घेतली आणि लोकांची जनावरं बाजाराला नेऊ लागला. रात्री कोकरं माझ्या आड, गाडीच्या शेजारी झोपत. माळावर लांडगे आहेत, त्यामुळे मी नीट बंद होणं ही काही चैनीची गोष्ट नव्हती.

गुडघे थकले तरी हरिबाचा उजवा हात थकला नव्हता. पंचक्रोशीत त्या हाताला मान होता. मेंढी अडली, कोकरू आडवं आलं, की लोक त्याच्याकडे धावत यायचे. तो हाताला गोडंतेल लावायचा, डोळे मिटायचा आणि आत चाचपून अडकलेला पाय बरोबर शोधून काढायचा. हातगुण म्हणतात तो हाच. कुणी आधी स्वतः ओढाताण करून, मेंढी अर्धमेली करून आणली, तर त्याचं डोकंच फिरायचं.

"कळत न्हाई तिथं हात कशाला घालतोस रं?" तो म्हणायचा. "पयलंच हिकडं यायचं."

मी पहिल्यांदा जड झालो तेव्हा माझ्या चॅनेलमध्ये लोकर आणि लेंड्या घट्ट बसल्या होत्या. हरिबानं सुरीनं खरवडून सगळं काढलं आणि घरात होतं तेच गोडंतेल सोडलं. त्या तेलावर माळाची धूळ आणखी चिकटली, ती गोष्ट वेगळी. पण मी हलका झालो. दुसऱ्यांदा गाडीचा धक्का लागून चॅनेल चेपली. त्यानं मागून दगड धरला, पुढून हातोडी चालवली आणि ती सरळ करून दिली. तेही झकास जमलं. ही दोन्ही कामं त्याच्या आवाक्यातली होती आणि मला त्याचं कौतुकच वाटलं. पण दोनदा जमलं की माणसाला पुढचंही सगळं जमणारच असं वाटायला लागतं.

नागपंचमीच्या आधीचे दिवस होते. मी काही दिवस वर जाताना एका अंगाला कलत होतो, करकरत होतो. मला बोलता येत नाही, एवढंच करता येतं. घरात सगळ्यांनी त्याकडे कानाडोळा केला. मग बाजाराच्या दिवशी सकाळी मल्हार मला उचलत असताना वरच्या डब्यात तडकन आवाज झाला. एक स्प्रिंग तुटली होती. त्यानं खांदा लावून मला कसंबसं वर ढकललं आणि मी तिथंच तिरका अडकलो. गाडी बाहेर निघाली.

मल्हारनं कृष्णातला फोन लावला. तो शिराळ्यात होता, सणाआधी तिथल्या दुकानांची कामं घेतली होती. उद्या येतो म्हणाला, तोवर शटरखाली कुणी उभं राहू नका आणि डबा उघडू नका असंही म्हणाला. मल्हारला बाजाराची घाई होती. गाडीत चढता चढता तो एवढंच ओरडला, "आबा, मिस्त्री उद्या येतोय. तवर ऱ्हाऊ द्या."

दुपार कलली तशी हरिबाला चैन पडेना. त्याच्या बायकोनं, रंगुबाईनं, साधा उपाय सांगितला, की आजची रात्र कोकरं स्वयंपाकघरात बांधू. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पण लांडगे दारापर्यंत येतात आणि हरिबाच्या वाड्याला आज दार नाही, हे काही त्याच्या मनाला सोसेना. आजवर एका जनावराला त्यानं दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं, मग एका पत्र्यासाठी शिराळ्याच्या माणसाची वाट का बघायची, असं तो पुटपुटत होता.

त्यानं आपली काठी माझ्या खालच्या पट्टीला टेकू म्हणून लावली, शिडी लावली आणि डब्याचे स्क्रू काढले. मग हाताला तेल लावलं. खरंच लावलं. डोळे मिटले आणि मेंढीच्या पोटात घालावा तसा हात आत घातला. त्याला वाटलं, आत काहीतरी आडवं आलंय, ते सरळ केलं की मी मोकळा होईन.

रंगुबाई शिडी धरून उभी होती. "आवं, लोकास्नी तुमीच सांगता नव्हं, कळत न्हाई तिथं हात घालू नगा म्हनून?"

"त्यो जीव असतोय," हरिबा म्हणाला. "हे लोखंड हाय. ह्याला काय दुखतंय?"

त्याच्या बोटांना तुटलेल्या स्प्रिंगचं टोक लागलं. दुसरी स्प्रिंग शाबूत होती आणि तिचा पीळही शाबूत होता, ते बोटांना कळलं नाही. जीव असता तर कळलं असतं. त्यानं पाना लावून नट ढिला केला. पाइप फिरला, काठी मोडली, मी खाली आलो, आणि त्याचा हात पाइप आणि त्याला धरणाऱ्या लोखंडी पट्टीच्या मध्ये राहिला. मला थांबायचं होतं. शटरला थांबता येत नाही.

सांगलीला नेलं. डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली, पण उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

कृष्णात ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी आला होता. त्यानं आधी मला पुरतं खाली घेतलं, पाइप जखडला, उरलेला पीळ हळूहळू सोडवला आणि मगच नट खोलला. दोन नव्या स्प्रिंगा बसवल्या. रंगुबाईच्या जावेनं चहा आणला तोवर काम संपलं होतं. एवढंसं काम होतं हो. मल्हार सांगलीहून कपडे न्यायला आला, तेव्हा तो माझ्यासमोर येऊन बसला.

"मिस्त्री येतोय एवढंच म्या सांगितलं," तो म्हणाला. "आत काय हाय ते सांगितलंच न्हाई."

कृष्णातनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दिवाळीनंतर मेंढ्या विण्याचे दिवस आले. एका सकाळी शेजारच्या वस्तीवरचा धुळा खांद्यावर मेंढी घेऊन आला. कोकरू आडवं होतं. त्यानं ओढाताण केली नव्हती, अगदी वेळेवर आला होता. हरिबा सवयीनं उठला, रंगुबाईला तेल मागायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. मग त्यानं डावा हात पुढं केला, थोडा वेळ तो हवेतच ठेवला आणि मागं घेतला.

"मल्हार, गाडी काढ. डाक्टरकडं न्या हिला."

"आवं तात्या, निदान बघा तरी," धुळा म्हणाला.

"बघून काय करू?" हरिबा म्हणाला. "म्या कवा डोळ्यानं बघत हुतो?"

मल्हारनं मला वर केलं. गाडी निघून गेली. मेंढी वाचली, कोकरूही वाचलं, आणि सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. पण तेव्हापासून अडलेली मेंढी घेऊन कुणी आमच्या वस्तीकडे वळत नाही. लोक सरळ आटपाडीला जनावरांच्या डॉक्टरकडे जातात. त्यांचं चुकत नाही, आणि हरिबा रस्त्याकडे बघत बसतो, त्याचंही चुकत नाही.

तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर एवढं ऐका. माझी चॅनेल पुसा, वाकलं असेल तर सरळ करा, मी तक्रार करणार नाही. पण मी कलायला लागलो, वरून तडकन आवाज आला, की लांब व्हा आणि जाणत्याला बोलवा. आणि घरातल्या थोरल्या माणसाला नुसतं 'ऱ्हाऊ द्या' म्हणू नका. का राहू द्यायचं, तेही शेजारी बसून सांगा.

मी आता सुरेख चालतो. एका हातानं उचलावं इतका हलका झालोय, असं कृष्णात म्हणाला होता. हरिबाला एकच हात आहे. तो हात अजून मला लागलेला नाही.