चामीवहिनीच्या खोलीतली राख

आमच्या मुंडा लोकांत मेलेला माणूस घर सोडून जात नाही. क्रियाकर्म झालं की दोघं जण संध्याकाळी बाहेर पडतात आणि नांगराचे फाळ एकमेकांवर वाजवत त्याच्या सावलीला घरी बोलावतात. घरातल्या बिनखिडकीच्या खोलीला आम्ही आदिंग म्हणतो. तिथे चुलीची राख पसरून दार लावायचं. थोड्या वेळाने उघडल्यावर राखेत बारीकसं पाऊल दिसलं, की माणूस आला. माझा थोरला भाऊ सिंगराय गेला तेव्हा कोंबडीच्या पिल्लाएवढं पाऊल उमटलं होतं. चामीवहिनी त्या दिवशी पोटभर जेवली. पुढे रोज चार घास आदिंगमध्ये ठेवून मगच स्वतःला वाढून घ्यायची, आणि दाराशी बसून नवऱ्याशी भांडायचीही. जिवंतपणी तो तिला उलटून बोलायचा, आता मुकाट ऐकत होता.

मग सरकारचं धोरण बदललं. गावाखाली कोळसा आहे हे आम्हाला आजोबांपासून ठाऊक, पण आता तो विजेसाठी हवा झाला. कोळसा देशाचा आणि वर पिढ्यानपिढ्या राहिलेले आम्ही उपरे! मोजणीच्या साहेबाने आदिंग पाहून विचारलं, हे कोठार का? वहिनी म्हणाली, इथे माझा नवरा राहतो. साहेबाने समजल्यासारखी मान डोलावली आणि कोठार म्हणून लिहून घेतलं.

बदल्यात थर्मलच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या, चिमण्यांच्या पायथ्याशी वसाहतीत खोल्या मिळाल्या. त्यातली एक वहिनीने आदिंग ठरवली. जुनं घर पाडायच्या आदल्या संध्याकाळी मी आणि माझा चुलतभाऊ लोदरो फाळ वाजवत तिथून निघालो. दादा, चल, हे घर मोडणार आहेत, अशा हाका मारत नव्या दारापर्यंत आलो. आतून वहिनीने रीतीप्रमाणे विचारलं, "सुख आणलंत की दुःख?"

"सुख," मी म्हणालो.

राख पसरून दार लावलं. उघडून पाहतो तर सगळीकडे सारखी करडी भुकटी. भिंतीत वर सरकारी झरोका होता, त्यातून चिमणीची राख आत येऊन बसली होती. आमच्या आदिंगला झरोका नसतो, म्हणून तो बुजवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग लोदरोने त्यात पोतं कोंबलं, पण राख पत्र्याच्या फटींतून येतच राहिली.

वहिनी हटली नाही. रोज संध्याकाळी खोली झाडायची, चुलीची राख पसरायची, घास ठेवायची. सकाळी वर थर्मलची राख. पाऊल खाली दबलं असेल, असं ती म्हणायची आणि दिवसभर खुशीत असायची. मला तिची कीव यायची आणि हेवाही वाटायचा. दादाची आठवण मलाही येतेच की.

यंदा थर्मललाच कोळसा मिळेना. आमच्या गावचा कोळसा लिलावात कुणा दूरच्याने घेतला म्हणे. दिव्याखाली अंधार! चिमण्या थंड पडल्या, वरून राख पडायची थांबली, वसाहतीतले पंखे थांबले, माणसं शिव्या घालत बाहेर बसली. वहिनी मात्र लग्नघरातल्यासारखी लगबगीने आली आणि म्हणाली, फाळ काढ.

गाव आता नुसता खड्डा. त्याच्या काठावर उभे राहून मी आणि लोदरोने दादाला हाका मारल्या. पहारेकऱ्याला वाटलं, भंगार चोरायला आलोत. त्याची समजूत घालून फाळ वाजवत परतलो. वहिनीने सुख की दुःख विचारलं, मी सुख म्हणालो. राख पसरली, दार लावलं, उघडलं.

राख पसरली होती तशीच. एक रेघ नाही. वहिनी कंदील घेऊन कोपरान् कोपरा गुडघ्यांवर फिरली. पुन्हा बोलावू, वाट लांबची आहे, असं मी काहीबाही बोललो. तिने ते ऐकलं नाही. घासांचा पानाचा द्रोण मात्र तिने रोजच्या जागी ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मधाय, थर्मल पुन्हा कधी चालू होणार रे?"