फौजींच्या पायातला आवाज

मी एक जुना धातुशोधक आहे. हातभर लांब दांडा, आत तारेचं वेटोळं, मुठीत बॅटरी. नळ बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गेटवर माझी नोकरी. कुणी अंगावर धातू लपवला असेल, तर त्याच्याजवळ नेताच मी कोकलतो. मित्रांनो, माझा तुमच्यावरही विश्वास नाही. राग मानू नका, मला बनवलंच त्यासाठी आहे.

सुटीचा भोंगा झाला की कामगार रांगेत उभे राहत आणि गेटवरचे रखवालदार मामा मला एकेकाच्या अंगावरून फिरवत. डब्याच्या तळाशी पितळी चकत्या, मोज्यात नळाची तोटी. एकाने तर टोपीच्या अस्तरात माल शिवून घेतला होता. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मामा मला मऊ फडक्याने पुसून ठेवत. पुढे माझी मूठ तडकली, तिला चिकटपट्टी लागली, आणि लोक म्हणू लागले, "म्हातारा उगाच बोंबलतो."

त्या रांगेत एक फौजी असत. सैन्यातून निवृत्त होऊन पॅकिंग विभागात लागलेले. तरुणपणी त्यांच्या शेजारी तोफगोळा फुटला होता आणि त्याचा एक तुकडा डाव्या मांडीतच राहिला होता. काढण्यापेक्षा असू देणं बरं, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी ठरवलं. पहिल्या दिवशी मी मांडीवर वाजलो, फौजींनी व्रण दाखवला आणि मामांनी त्यांना सलाम ठोकला. तेव्हापासून मामा मला त्यांच्या डाव्या पायावरून फिरवेनातच. कमरेपाशी उचलायचे आणि थेट उजव्या पायावर न्यायचे. मान म्हणून. मला ते मुळीच पटलं नव्हतं.

वर्षं गेली. फौजी डावा पाय ओढू लागले. कुणी विचारलं तर म्हणत, "काही नाही, थंडीचं जरा दुखतं." एकदा रांगेत त्यांचा डावा बूट मागे राहिला आणि ते तसेच पुढे गेले. सगळे हसले, तेही हसले. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. पायातून बूट निघाला हे माणसाला कळत कसं नाही? पण मला कुणी तिथे नेलं तर मी बोलणार ना.

मग गेटवर नवे साहेब आले. गोदामातल्या तोट्या कमी होत होत्या आणि साहेबांना प्रत्येकाचा संशय. मला ते लगेच आवडले. मामांनी नेहमीप्रमाणे मला फौजींच्या कमरेपाशी उचललं, तशी साहेबांनी मामांचं मनगट धरलं.

"हा पाय का सोडला?"

"साहेब, हे फौजी आहेत. मांडीत तुकडा आहे त्यांच्या."

"मांडीत ना? मग मांडीवरच वाजेल. फिरवा."

मामांनी फिरवलं. मांडीवर मी गप्प राहिलो. मामा चपापले. खाली गुडघ्यामागे पोचलो आणि कोकललो.

"तुकडा खाली उतरला वाटतं," साहेब खोचकपणे म्हणाले. "पँट वर करा."

फौजींचा चेहरा पडला. "साहेब, इतक्या वर्षांत इथला खिळा उचलला नाही मी."

"मग दाखवायला हरकत काय?"

सगळ्यांच्या देखत फौजींनी वाकून पँट गुंडाळली. ज्या माणसाला सारे सलाम करत, तो आता चोर ठरत होता. मला फार वाईट वाटलं, पण माझा संशयही जाईना. गुडघ्यामागे काहीच बांधलेलं नव्हतं. नुसती कातडी होती, लालसर, सुजलेली. साहेबांनी मला स्वतःच्या हातात घेतलं आणि तिच्याजवळ धरलं. मी वाजलो.

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "कधीपासून आहे हे?"

"काही नाही हो. पायाची बोटं जरा बधिर होतात, इतकंच."

"मामा, तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"मी तिथे कधी फिरवलंच नाही साहेब," मामा म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

साहेब फौजींना आपल्याच गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले. तुकडा सरकत सरकत गुडघ्यामागच्या मोठ्या रक्तवाहिनीला आणि मज्जातंतूला टेकला होता. डॉक्टरांनी तो काढला. पाय वाचला, बोटांची जाणीव मात्र परतली नाही. लवकर आले असते तर परतली असती, असं डॉक्टर म्हणाले. साहेबांनी ते पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. त्यांचा डॉक्टरांवरही विश्वास नसावा. मग त्यांनी सगळ्या रांगेसमोर फौजींची माफी मागितली.

फौजी आता काठी घेऊन कामावर येतात. त्या तुकड्याचे बारीक कण अजून आत आहेत, ते कधी कुठे जातील सांगता येत नाही. मामांचा हात अजूनही कमरेपाशी अडखळतो. फौजी स्वतःच डावा पाय पुढे करतात.

"फिरवा मामा," ते म्हणतात. "मान नंतर द्या."

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी असं कोणी असेल, ज्याच्या जखमेला सगळे सलाम करतात पण तिच्याकडे पाहत कोणीच नाही. तो "काही नाही" म्हणेल. ते खरं मानू नका. त्याच्याजवळ बसा आणि कुठे दुखतंय ते दाखवायला लावा.