पहिल्या आठवड्यातले चार किलो

मित्रांनो, डोळे झाकून विश्वास ठेवावा असं या जगात एकच कुणी उरलं असेल, तर ते मी. मी एक जुना लोखंडी वजनकाटा आहे. खोटं बोलणं माझ्या धातूतच नाही. फक्त रोज सकाळी दांडीच्या टोकाचा पेच थोडा पिळून मला शून्यावर आणावं लागतं. नाही आणलं, तर मी तीनशे ग्रॅम जास्त सांगतो.

तेवढं सोडा.

माझा जन्म कोल्हापूरजवळच्या एका ओतशाळेत झाला. ओतीव लोखंडाचा पाट, खाली चार चाकं, मागे कमरेइतका खांब आणि खांबावर आडवी पितळी दांडी. दांडीवर एक वजन पुढेमागे सरकतं आणि दांडी तरंगली की तिथली रेघ वाचायची. रेघा शंभर किलोपर्यंत आहेत. त्या काळी एका वेळी तेवढं पुरत असे.

मला विकत घेतलं गूळबाजारातल्या हंबीररावांनी. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांच्या अडत दुकानात माझी उमेदीची वर्षं गेली. गुळाचे रवे, म्हणजे त्या मोठ्या ढेपा, माझ्यावर चढत आणि उतरत. शेतकऱ्याचा डोळा व्यापाऱ्याच्या अंगठ्यावर, व्यापाऱ्याचा डोळा शेतकऱ्याच्या चपलेवर आणि दोघांचा मिळून माझ्यावर. इतक्या वर्षांत 'बरोबर आहे' असं मला कुणी एकदाही म्हटलं नाही. फार खूश झाले तर 'असू दे' म्हणत. अशा संगतीत वाढल्यावर माणूसच काय, लोखंडही संशयी होतं.

बाजारात मी एक गोष्ट शिकलो. ताजा रवा आज तोलायचा आणि आठ दिवसांनी पुन्हा तोलायचा. तो हलका भरतो. मग आरडाओरडा. 'गूळ गेला कुठं?' गूळ कुठंच गेलेला नसे. ओल उडून गेलेली असे. त्यानंतर तोच रवा महिनाभर ठेवला, तरी दांडी फारशी हलत नसे. पण पहिल्या आठवड्याच्या घटीवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी खुद्द गुळावरून झाली नाहीत.

पुढे लाल आकड्यांचे विजेवरचे काटे आले. आबा गेले, अडत बंद झाली आणि त्यांच्या मुलाने, विजयसिंहाने, मला घराच्या पार्किंगमध्ये आणून ठेवलं. माझ्या पाटावर आधी रंगाचे डबे आले, मग कोरफडीची कुंडी, मग एक मांजर. मांजर सव्वातीन किलोचं होतं. कुणी विचारलं नाही.

मला पुन्हा चांगले दिवस आले ते विजयसिंहाच्या उजव्या गुडघ्यामुळे.

विजयसिंहाचं शेतीपंपांचं दुकान आहे. वय बावन्न. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला त्यांच्या भावकीची सासनकाठी जाते. घराच्या उंचीहून उंच, सजवलेली कळकाची, म्हणजे बांबूची, काठी. चारी बाजूंनी दोर धरलेले, आणि मधे एकानं ती पोटाशी घेऊन पेलायची आणि नाचवायची. हा मान आबांचा होता, आता विजयसिंहाचा. पण यंदा माघातच गाडीतून उतरताना त्याचा गुडघा असा वाजला की समोरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं.

डोकावणाऱ्या होत्या डॉक्टर आदिती मगदूम. त्या समोरच राहतात आणि विजयसिंहाच्या आईचं, चिमणाबाईंचं, बीपी बघायला येतात. त्यांनी पार्किंगमध्येच गुडघा दाबून पाहिला.

"विजयदादा, हा गुडघा काठी पेलायचा नाही. वजन किती?"

"असंल नव्वदभर."

डॉक्टरांनी नुसतं बघितलं.

"बरं, पंच्याण्णव," विजयसिंह म्हणाला.

घरात काचेचा एक नवा काटा होता. तो हॉलमध्ये सत्त्याण्णव म्हणाला, स्वयंपाकघरात अठ्ठ्याण्णव आणि गॅलरीत शहाण्णव. विजयसिंहाला गॅलरी पसंत पडली. "मग कायम गॅलरीतच ऱ्हा की," चिमणाबाई वरून ओरडल्या. तेव्हा विजयसिंहाने कुंडी उचलली, मांजराला हाकललं आणि माझ्यावर चढला. दांडी अठ्ठ्याण्णवला तरंगली.

"ह्यो आबांचा काटा. ह्यो खोटं बोलायचा न्हाय," तो म्हणाला. मित्रांनो, इतक्या वर्षांतली ही माझी पहिली स्तुती. मला ताबडतोब संशय आला.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. शुगरची गोळी चालू नाही, तेव्हा भाकरी, चपाती, भात कमी करायला हरकत नाही. साखर आणि गूळ बंद. "चैत्रापर्यंत पाच किलो उतरले तर बघू."

"पाच? वीस म्हणा की. आमी घेतलं म्हंजे घेतलं."

"पाच. पहिल्या आठवड्यात धाडकन उतरेल, त्याला भुलू नका. अंगात साठवलेली साखर संपते आणि तिच्याबरोबरचं पाणी जातं. त्यानंतर आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पेढे वाटा."

"पेढं?"

"वाटा म्हटलं मी."

दुसऱ्या दिवशी कोडोलीहून त्याचा चुलतभाऊ उदयसिंह आला, वांग्याची पिशवी घेऊन. दारात पोत्यासारखा उभा राहिला तर मागचं अंगण दिसत नाही असा गडी. काठीच्या मानात विजयसिंहानंतर त्याचाच नंबर. त्याने मोबाईल पुढे केला. "दादा, ह्यो बघ. भाकरी सोडली आन् म्हैन्यात पंधरा किलो! घे करून. आन् न्हाईच उतरलं तर मी हाय की."

ते शेवटचं वाक्य विजयसिंहाच्या डोक्यात खडा होऊन बसलं.

पथ्य सुरू झालं. मटणाला मनाई नाही हे कळल्यावर विजयसिंहाचा चेहरा फुलला. "हे पथ्य न्हवंच. सासरवाडीला गेल्यागत हाय हे." तांबडा रस्सा तो चमच्याने प्यायचा. चिमणाबाई म्हणायच्या, "भाकरीबिगर रस्सा म्हंजे नुसतं तोंड भाजून घेणं." पण तो हटला नाही. आठवडा संपला आणि दांडी चौऱ्याण्णवला तरंगली.

चार किलो!

विजयसिंहाने माझा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आठवड्यात चार. चैत्रापर्यंत वीस. काठी आपणच पेलणार.' अंगठ्यांचा पाऊस पडला. त्याने मला पुसलं, सांध्यांत तेल घातलं आणि आबांच्या फोटोचा जुना हार माझ्या खांबाला घातला. बायको वर्षाराणी म्हणाली, "अहो, डॉक्टर म्हणालेल्या, पहिल्यांदा पाणी जातंय."

"पाणी असलं तर असू दे. वजन हाय न्हवं?"

मला मात्र गुळाचा वास आला. ताज्या रव्याचा.

दुसऱ्या आठवड्यात चारशे ग्रॅम उतरले. तिसऱ्यात काहीच नाही. चौथ्यात दांडी उलटी अर्धा किलो वर गेली. तिथून, मित्रांनो, या घरात जे सुरू झालं त्यापुढे गूळबाजार म्हणजे देवघर होता.

पहिला संशय अर्थात माझ्यावर. विजयसिंहाने मला फरशीवरून उचलून ओट्यावर ठेवलं, ओट्यावरून अंगणात नेलं, अंगणातून परत आणलं. चपला काढून, मग घड्याळ काढून, मग श्वास सोडून तो चढू लागला. दुसरा संशय वर्षाराणीवर. "भाजीत बटाटा घालालीस व्हय चोरून?" तिने त्याच्यासमोर भाजीचं पातेलं उपडं केलं. ती वांगी होती, उदयसिंहाने पुन्हा पाठवलेली. "त्यानं कशी दिलीत कुणाला ठाऊक," विजयसिंह पुटपुटला आणि वांगीही बंद झाली. उलट वर्षाराणी दुकानातून आल्या आल्या त्याच्या बोटांचा वास घेई. "वडा खाल्लासा?" "आईशप्पथ न्हाय." चिमणाबाईंना दोघांचाही संशय नव्हता. त्यांच्या मते ग्रुपवर टाकलेल्या फोटोची दृष्ट लागली होती, आणि ती अंगठे दाखवणाऱ्यांतल्याच कुणाची तरी होती. त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. विजयसिंहावरून ओवाळल्या, मग थोडा विचार करून माझ्यावरूनही.

शेवटी विजयसिंहाने माझी परीक्षा घ्यायचं ठरवलं. ज्याचं वजन सगळ्यांना मान्य आहे अशी वस्तू हवी होती. घरात एकच होती. तो सहकारी साखर कारखान्याचा सभासद. सभासदांची साखर नुकतीच आलेली, न फोडलेलं पन्नास किलोचं पोतं. साखर सोडलेल्या त्या माणसाने ते पोतं मिठी मारून पार्किंगमध्ये आणलं आणि माझ्यावर ठेवलं. गुडघा पुन्हा वाजला.

दांडी पन्नासच्या जराशी पुढे तरंगली.

"बघ! जास्त दाखवालंय!" तो ओरडला.

"पोत्याचं वजन न्हाय व्हय?" वर्षाराणी म्हणाली.

त्याने पोतं खाली उतरवलं. मी निर्दोष सुटलो होतो, पण माझ्या गळ्यातला हार त्याच दिवशी उतरला. निर्दोष सुटलेल्याचं कुणाला काय कौतुक?

घोळ उघड झाला तो एका संध्याकाळी. विजयसिंह रोज सकाळी उपाशीपोटी माझ्यावर चढायचा. त्या दिवशी रागात होता. ग्रुपवर उदयसिंहाने विचारलं होतं, 'दादा, फोटू न्हाय आला ह्या आठवड्याला?' तो बाहेरून आला तसा तडक पाटावर चढला. दांडी सकाळपेक्षा चांगली किलोभर वर. तो पुन्हा चढला. पुन्हा तेच. वर्षाराणी दिवा घेऊन आली, आणि डॉक्टर आदिती चिमणाबाईंना बघून जिना उतरत होत्या.

"अहो, तुमच्या मिशीला काय लागलंय?" वर्षाराणीने विचारलं.

"कुठं काय?"

"पांढरं."

"दूध असंल."

"दूध? कुठं गेलतासा?"

"कट्ट्यावर. रोज जातोय की."

मित्रांनो, बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. कोल्हापुरात काही ठिकाणी म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या करून समोर धार काढतात आणि लोक ते फेसाळ दूध तिथल्या तिथे उभ्यानेच पितात. पेला नव्हे, चरवीच म्हणावी एवढा ग्लास. पिऊन झालं की मिशी पुसून घरी.

"दोन ग्लास," विजयसिंह म्हणाला. "सकाळी दोन, आन् आता दोन. भाकरी सोडल्यापासनं जरा वाढवलंय. अंगात ताकद नको व्हय?"

डॉक्टर जिन्यावरच बसल्या. "दादा, मी तुम्हाला विचारलं होतं, दिवसभरात काय काय खाता."

"खायाचं विचारलंसा. दूध काय खाणं हाय व्हय?"

"दुधात साखर असते."

"मी साखर घालतच न्हाय!"

"म्हशीनंच घातलेली असते, दादा. आणि वर म्हशीचं तूप. भाकऱ्या सोडल्या त्या तुम्ही पिऊन टाकल्या."

विजयसिंहाने एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. या गावात कुणीही, अगदी पैलवानसुद्धा, दूध जेवणात धरत नाही. ते पाण्याच्या जरा वरचं आणि देवाच्या जरा खालचं असतं. थोडा वेळ त्याचा संशय डॉक्टरांवर गेला, मग म्हशीवर, आणि सगळे संपल्यावर उरलेल्या स्वतःवर. तो माझ्या पाटावरच बसला. "मग ते पयल्या आठवड्याचं चार किलो?"

"पाणी. बरंचसं. मी आधीच सांगितलं होतं."

"तुमी सांगितलेलासा. पन मला वाटलं, ते दुसऱ्यांच्यात आसतंय."

दूध एका कपावर आलं. मटणही ताटात मोजकं आलं, कारण सासरवाडीला रोज जाता येत नाही. त्यानंतरचे आठवडे कंटाळवाणे गेले. कधी अर्धा किलो, कधी पाव, एका आठवड्यात काहीच नाही. पाडव्याला पुरणपोळी समोर आली. त्याने अर्धी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या बाजूला फिरकला नाही. डॉक्टरांनी रोज चढायला बंदी केली. आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी. एरवी माझ्यावर पुन्हा मांजर बसू लागलं. ते आता पावणेचार किलो होतं. उरलेलं दूध कुठे जातं याचा मला संशय आहे.

यात्रेआधीच्या शनिवारी दांडी साडेब्याण्णवला तरंगली. म्हणजे अठ्ठ्याण्णवमधून साडेपाच किलो, त्यातलं काही अजून पाणीच. ग्रुपवर लिहिलेल्या विसाच्या मानाने हा आकडा लाजिरवाणा होता. फोटो निघाला नाही. पण गाडीतून उतरताना गुडघा वाजला नाही. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, "सपाटीवर पेला. पायऱ्यांना काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची. शब्द द्या."

"आन् दुसरा म्हंजे कोण, त्ये म्हाईत हाय मला," विजयसिंह म्हणाला. पण शब्द दिला.

यात्रेहून तो परतला तो गुलालाने माखून, थोडा लंगडत, आवाज पार बसलेला. सपाटीवर त्याने काठी पेलली होती आणि नाचवलीही होती. "चांगभलं म्हणताना डोळ्यातनं पाणी आलं," तो आईला सांगत होता. पायऱ्या सुरू झाल्या तिथे त्याने ती उदयसिंहाच्या हाती दिली, आणि उदयसिंह वरपर्यंत कुठेही न टेकवता घेऊन गेला. एवढं सांगताना त्याचा आवाज आणखी बसला.

मित्रांनो, माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. मला हात नाहीत, पण तुम्ही समजून घ्या. काट्याला ऊन-पावसात टाकू नका, त्याच्या सांध्यांना तेल द्या, त्याच्यावर कुंड्या ठेवू नका. पहिल्या आठवड्यात तो जे सांगेल त्यावर हार घालू नका, आणि चौथ्यात जे सांगेल त्यावरून घरातल्यांच्या बोटांचे वास घेऊ नका. दोन्ही वेळा तो तेच काम करत असतो. आणि स्वतःच्या मिशीकडे अधूनमधून बघत जा.

यात्रेहून परतले त्या संध्याकाळी उदयसिंह प्रसाद द्यायला आला होता. काठी घेऊन पायऱ्या चढलेल्या त्या माणसाला साधी धापही लागलेली नव्हती. "दादा, बघू तरी तुझा काटा," म्हणत तो माझ्यावर चढला. विजयसिंहाने दांडीवरचं वजन सरकवत सरकवत शेवटच्या रेघेला नेलं.

दांडी तरंगली नाही. माझ्यावर शंभर किलोपर्यंतच मोजता येतं.